विश्लेषण : युद्धाने शहर अंधारले आणि विश्वाची अंतरे दुप्पट झाली! कोण होते वॉल्टर बाडे?

शहरातून वर पाहिले की हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच तारे दिसतात. दिव्यांचा हा त्रास फक्त हौशी आकाशनिरीक्षकांना होतो असे नाही. जगातील सर्वात मोठी दुर्बीणही एकेकाळी याच उजेडापुढे हतबल झाली होती. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे मंद करण्यात आले, तेव्हा त्या दुर्बिणीला काही काळ खरी काळोखी रात्र मिळाली. तिचा पुरेपूर उपयोग एका जर्मन खगोलशास्त्रज्ञाने केला आणि गंमत म्हणजे अमेरिकेच्या सरकारदरबारी तो शत्रूराष्ट्राचा नागरिक होता. त्याचे नाव वॉल्टर बाडे. त्या अंधाराने नेमके काय दाखवले, ते आधी का दिसत नव्हते आणि आज त्याची आठवण का काढायची, याचा हा आढावा…

कोण होते वॉल्टर बाडे?

विल्हेल्म हाइनरिख वॉल्टर बाडे यांचा जन्म २४ मार्च १८९३ रोजी जर्मनीतील श्रोटिंगहाउसेन या गावी झाला. वडील शाळामास्तर होते. बाडे यांच्या कमरेच्या सांध्यात जन्मजात दोष होता, त्यामुळे ते आयुष्यभर थोडे लंगडत चालत. गोटिंगेन विद्यापीठातून १९१९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी हॅम्बुर्गच्या वेधशाळेत नोकरी धरली.

ही वेधशाळाही उजेडाला कंटाळून शहराबाहेर गेलेली होती. पूर्वी ती हॅम्बुर्ग शहरात होती. बंदराची वर्दळ, धूर आणि वाढते दिवे यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बर्गेडॉर्फ येथे हलवण्यात आली. तिथल्या एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर बाडे यांचा हात बसला. १९२० मध्ये त्यांनी ‘हिडाल्गो’ हा लघुग्रह शोधला. त्याची कक्षा थेट शनीच्या कक्षेपर्यंत पोहोचते. पुढे १९२२ मध्ये त्यांना एक धूमकेतूही सापडला.

मात्र बाडे यांना ओढ होती ती दीर्घिकांची, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांची. त्यासाठी मोठी दुर्बीण हवी होती आणि तेव्हाची सर्वात मोठी दुर्बीण होती कॅलिफोर्नियात. १९३१ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत नोकरी मिळाली आणि बाडे अमेरिकेत दाखल झाले. तिथे १९३४ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांच्यासोबत त्यांनी एक धाडसी कल्पना मांडली. प्रचंड तारा आयुष्याच्या अखेरीस फुटतो तेव्हा मागे न्यूट्रॉनचा अतिघन गोळा उरत असावा, अशी ती कल्पना होती. न्यूट्रॉन ताऱ्यांचे अस्तित्व सिद्ध व्हायला त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

माउंट विल्सनची अडचण काय होती?

माउंट विल्सन हे पॅसाडेना शहराच्या डोक्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,७४० मीटर उंचीवर आहे. जॉर्ज एलरी हेल यांनी १९०४ मध्ये येथे वेधशाळा उभारली, ती इथल्या शांत हवेमुळे. हवा खळबळत असेल तर ताऱ्याची प्रतिमा थरथरते आणि फोटोत पसरट येते. इथे ती स्थिर राही. १९१७ मध्ये येथे १०० इंची, म्हणजे अडीच मीटर व्यासाची हूकर दुर्बीण सुरू झाली. एडविन हबल यांनी १९२३ मध्ये याच दुर्बिणीने देवयानी ‘तेजोमेघा’त एक रूपविकारी तारा शोधला. देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

पण डोंगराच्या पायथ्याशी लॉस एंजेलिस वाढत होते. १९४० पर्यंत शहराची लोकसंख्या १५ लाखांवर गेली होती. शहराचा उजेड दुर्बिणीला कसा नडतो, हे इथे समजून घ्यायला हवे. दिव्यांचा जो प्रकाश आकाशाकडे जातो तो हवेतील रेणू, धूळ आणि बाष्प यांच्यावर आदळून विखुरतो. त्यामुळे सगळ्या आकाशावर एक मंद चकाकी पसरते. ठळक तारे तिच्यातूनही दिसतात. मात्र अंधूक ताऱ्याचा प्रकाश या चकाकीत बुडून जातो.

दुर्बीण मोठी केली की हा प्रश्न सुटेल असे वाटू शकते. तसे होत नाही. मोठा आरसा ताऱ्याचा प्रकाश जास्त गोळा करतो, तशीच आकाशाची चकाकीही जास्त गोळा करतो. त्या काळी फोटो काचेच्या प्लेटवर घेतले जात. अंधूक वस्तू टिपायची तर प्लेट तासन् तास उघडी ठेवावी लागे. पण एका मर्यादेनंतर आकाशाच्या उजेडानेच सगळी प्लेट काळवंडून जाई आणि पुढचा वेळ वाया जाई.

याचा सर्वात मोठा फटका देवयानीच्या मध्यभागाला बसत होता. हबल यांनी तिच्या बाहेरच्या सर्पिल भुजांमधले तारे सुटे सुटे दाखवले होते. मध्यभाग मात्र प्रत्येक फोटोत एकसंध, दुधाळ डागासारखाच येई. तिथे तारे आहेत की नाहीत, असतील तर कसे आहेत, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

शत्रूराष्ट्राचा नागरिक दुर्बिणीपर्यंत कसा पोहोचला?

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली. जर्मनीशीही युद्ध सुरू झाले. बाडे तोवर दहा वर्षे अमेरिकेत राहत होते, पण नागरिक झाले नव्हते. त्यांनी नागरिकत्वासाठी प्राथमिक अर्ज केला होता. मात्र घर बदलताना ती कागदपत्रे हरवली आणि त्यांनी पुढे पाठपुरावा केला नाही. परिणामी युद्ध सुरू होताच ते शत्रूराष्ट्राच्या नागरिकांच्या यादीत गेले.

मार्च १९४२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील लष्करी अधिकाऱ्यांनी अशा परदेशी नागरिकांवर आणि जपानी वंशाच्या सर्वांवर रात्रीची संचारबंदी लादली. रात्री ८ ते सकाळी ६ या वेळेत घराबाहेर पडण्यास मनाई होती. ज्याचे सगळे काम रात्री चालते अशा माणसाला रात्रीच घरात कोंडून ठेवणारा हा आदेश होता. वेधशाळेचे संचालक वॉल्टर अॅडम्स यांनी प्रयत्न केले आणि बाडे यांना डोंगरावर जाऊन निरीक्षण करण्याची मुभा मिळाली. जपानी वंशाच्या हजारो कुटुंबांच्या वाट्याला मात्र अशी सवलत आली नाही. त्याच वर्षी त्यांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले.

दरम्यान, वेधशाळा रिकामी होत चालली होती. अनेक शास्त्रज्ञ युद्धकार्यात गुंतले. हबल स्वतः तोफगोळ्यांच्या मार्गांचे गणित करण्यासाठी मेरीलँडला गेले. लष्करी संशोधनात परदेशी नागरिकाला, त्यातही जर्मन माणसाला, कोणी घेणार नव्हते. त्यामुळे एरवी ज्या दुर्बिणीवर काही रात्री मिळाव्यात म्हणून रांग असे, ती १०० इंची दुर्बीण बाडे यांना मुबलक मिळू लागली.

शहर अंधारले तेव्हा काय बदलले?

२३ फेब्रुवारी १९४२ रोजी एका जपानी पाणबुडीने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील एलवूडच्या तेलक्षेत्रावर तोफा डागल्या. किनारपट्टीवर घबराट पसरली. शत्रूच्या विमानांना शहर दिसू नये आणि शहराच्या उजेडाच्या पार्श्वभूमीवर आपली जहाजे पाणबुड्यांच्या नजरेत येऊ नयेत, यासाठी दिव्यांवर निर्बंध आले. कधी संपूर्ण ब्लॅकआउट, तर एरवी रोजच दिवे मंद ठेवण्याची सक्ती. मुंबईकरांच्या जुन्या पिढीने १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत खिडक्यांना काळे कागद लावून असाच ब्लॅकआउट अनुभवला आहे.

माउंट विल्सनवर त्याचा परिणाम लगेच जाणवला. आकाशाची चकाकी उतरली, त्यामुळे प्लेट जास्त वेळ उघडी ठेवता येऊ लागली. या काळातल्या नेहमीच्या, निळ्या प्रकाशाला संवेदनशील असलेल्या प्लेटवर देवयानीचा मध्यभाग आता सुटा होऊ पाहतोय, अशी पुसटशी चाहूल बाडे यांना लागली. तारे दिसत नव्हते, पण डाग पूर्वीइतका गुळगुळीतही राहिला नव्हता. आणखी थोडे खोल जाता आले तर तारे वेगळे होतील, असा अंदाज त्यांनी बांधला.

१९४३ च्या त्या रात्री नेमके काय घडले?

इथे बाडे यांनी एक महत्त्वाचा निर्णय घेतला. भुजांमधले ठळक तारे निळे असतात, म्हणून सगळे निळ्या प्लेट वापरत. मध्यभागातले सर्वात ठळक तारे निळे नसून लाल असतील तर? मग निळ्या प्लेटवर ते दिसणारच नाहीत. म्हणून त्यांनी लाल प्रकाशाला संवेदनशील असलेल्या कोडॅकच्या प्लेट आणि लाल फिल्टर वापरायचे ठरवले. या प्लेट फार मंद होत्या, त्यामुळे एकेका फोटोसाठी कित्येक तास लागणार होते. शहर झगमगत असताना इतका वेळ प्लेट उघडी ठेवण्यात काही अर्थ नव्हता. आता तो होता.

दुसरी अडचण आरशाची होती. रात्री हवा थंड होत जाते तसा अडीच मीटरचा काचेचा आरसा किंचित आकार बदलतो आणि फोकस सरकतो. बाडे यांनी हवा सर्वात स्थिर असेल आणि आरशाचे तापमान फारसे बदलत नसेल अशाच रात्री निवडल्या. फोटो सुरू असताना ते मार्गदर्शक ताऱ्याची प्रतिमा सतत न्याहाळत. ती किंचित बिघडली की त्यावरून फोकस किती सरकला ते ओळखून लगेच दुरुस्त करत. घुमटातल्या थंडीत, काळोखात तासन् तास हे काम चाले.

१९४३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अखेर यश आले. प्लेट धुतल्यावर देवयानीचा मध्यभाग हजारो बारीक ठिपक्यांत विखुरलेला दिसला. तिच्या शेजारच्या एम ३२ आणि एनजीसी २०५ या दोन छोट्या दीर्घिकाही ताऱ्यांत सुट्या झाल्या. वीस वर्षे जो भाग नुसता दुधाळ डाग होता, तो ताऱ्यांचा आहे हे पहिल्यांदाच डोळ्यांना दिसले. आणि बाडे यांच्या अंदाजाप्रमाणे त्यातले सर्वात ठळक तारे लाल होते.

ताऱ्यांचे दोन समुदाय म्हणजे काय?

हे निष्कर्ष १९४४ मध्ये ‘अॅस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. बाडे यांनी ताऱ्यांचे दोन समुदाय असल्याचे मांडले. पहिल्या समुदायातले ठळक तारे निळे आणि तप्त असतात. ते धूळ व वायूने भरलेल्या सर्पिल भुजांमध्ये आढळतात. दुसऱ्या समुदायातले ठळक तारे लाल राक्षसी तारे असतात. ते दीर्घिकांच्या मध्यभागात आणि गोलाकार तारकागुच्छांमध्ये आढळतात, जिथे धूळ-वायू जवळपास उरलेला नसतो.

हा फरक वयाचा आहे, हे पुढे स्पष्ट झाले. निळे तप्त तारे आपले इंधन झपाट्याने संपवतात, म्हणून ते जिथे दिसतात तिथे नवे तारे आजही जन्मत असतात. लाल ताऱ्यांचा समुदाय जुना. म्हणजे एका दीर्घिकेत तरुण वस्ती कुठे आणि म्हातारी कुठे, हे पाहून तिचा इतिहास वाचता येऊ लागला. आपला सूर्य पहिल्या समुदायात मोडतो.

विश्वाची अंतरे दुप्पट कशी झाली?

या वर्गीकरणातूनच पुढचा मोठा धक्का बसला. दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजण्यासाठी ‘सेफीड’ नावाचे रूपविकारी तारे वापरले जातात. असा तारा ठरावीक दिवसांनी उजळतो आणि मंदावतो. हे चक्र जितके लांब, तितका तारा मुळात तेजस्वी. मूळ तेज कळले आणि आपल्याला तो किती अंधूक दिसतो हे मोजले की अंतर निघते. रस्त्यावरचा दिवा किती वॅटचा आहे ते माहीत असेल तर त्याच्या उजेडावरून तो किती लांब आहे हे सांगता येते, तसेच हे आहे.

हबल यांनी देवयानीचे अंतर याच पद्धतीने काढले होते. पण सेफीडही दोन प्रकारचे असतात आणि आजवर दोघांना एकच मोजपट्टी लावली जात होती, हे बाडे यांच्या लक्षात आले. माउंट पॅलोमारची २०० इंची दुर्बीण सुरू झाल्यावर त्यांनी पडताळणी केली. हबल यांचे अंतर बरोबर असेल तर देवयानीतले ‘आरआर लायरी’ प्रकारचे रूपविकारी तारे या नव्या दुर्बिणीला दिसायला हवे होते. ते दिसले नाहीत. याचा अर्थ देवयानी मानली जात होती त्याच्या सुमारे दुप्पट लांब होती.

१९५२ मध्ये रोम येथील आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाच्या अधिवेशनात बाडे यांनी हे जाहीर केले. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियाच्या रॅडक्लिफ वेधशाळेचे डेव्हिड थॅकरे यांनी मॅजेलन मेघांच्या निरीक्षणांतून तिथेच दुजोरा दिला. त्याबरोबर एक जुनी पंचाईत सुटण्याच्या मार्गाला लागली. हबल यांच्या आकड्यांवरून विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघत होते, तर भूगर्भशास्त्रज्ञांना पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने आढळत होते. घर विश्वापेक्षा जुने, असा हा प्रकार होता. अंतरे दुप्पट झाली तसे विश्वाचे वयही दुप्पट झाले. पुढच्या मापनांत ते आणखी वाढून आज सुमारे १,३८० कोटी वर्षांवर आले आहे. देवयानीचे अंतर आज सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते.

हे सगळे फक्त ब्लॅकआउटमुळे झाले का?

बाडे यांची गोष्ट अनेकदा इतकीच सांगितली जाते की दिवे गेले आणि शोध लागला. ते अर्धेच खरे आहे. लाल प्लेट वापरण्याची कल्पना, दुर्बिणीच्या प्रत्येक खोडीची माहिती आणि योग्य रात्रीची वाट पाहण्याचा चिवटपणा नसता तर अंधार असाच निघून गेला असता. उलट बाजूही तितकीच खरी आहे. तीच दुर्बीण, तोच डोंगर आणि तोच माणूस दहा वर्षे तिथे होते. आकाश काळोखे झाल्यावरच त्यांना पुढची पायरी चढता आली.

दिवे परत आल्यावर काय झाले?

१९४३ च्या अखेरीस किनाऱ्यावरचे निर्बंध उठले आणि शहर पुन्हा झगमगू लागले. माउंट विल्सनचे आकाश खराब होत चालल्याची जाणीव मात्र खगोलशास्त्रज्ञांना युद्धाच्या आधीपासूनच होती. म्हणूनच २०० इंची दुर्बिणीसाठी लॉस एंजेलिसपासून दूर, आग्नेयेकडचा माउंट पॅलोमार निवडण्यात आला होता. १९४८ मध्ये तिचे उद्घाटन झाले. बाडे यांनी पॅलोमारवरच १९४९ मध्ये ‘इकॅरस’ हा लघुग्रह शोधला. तो बुधाच्या कक्षेच्याही आत शिरतो.

त्याआधी त्यांनी आणखी एक खिडकी शोधली होती. आकाशगंगेचे केंद्र धनू राशीच्या दिशेला आहे, पण वाटेतल्या धुळीमुळे ते दिसत नाही. एनजीसी ६५२२ या तारकागुच्छाजवळ धूळ तुलनेने विरळ आहे आणि तिथून केंद्राच्या परिसरातले तारे दिसतात, हे बाडे यांनी हेरले. हा भाग आजही ‘बाडे यांची खिडकी’ म्हणून ओळखला जातो.

बाडे १९५८ मध्ये निवृत्त झाले. त्यांनी तुलनेने कमी शोधनिबंध लिहिले. पुष्कळसे ज्ञान सहकाऱ्यांशी बोलण्यातून आणि व्याख्यानांतूनच पसरले. हार्वर्डमध्ये दिलेली त्यांची व्याख्याने सेसिलिया पेन-गापोश्किन यांनी संपादित केली आणि ती १९६३ मध्ये पुस्तकरूपाने आली. ते पाहायला बाडे हयात नव्हते. जर्मनीत परतल्यावर कमरेच्या त्याच जुन्या दुखण्यासाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या गुंतागुंतीतून २५ जून १९६० रोजी गोटिंगेन येथे त्यांचे निधन झाले.

माउंट विल्सनची १०० इंची दुर्बीण १९८५ मध्ये काही वर्षांसाठी बंद करण्यात आली. कार्नेगी संस्थेने आपले लक्ष चिलीतील लास कँपानास येथे वळवले होते आणि त्यामागे शहराचा उजेड हे एक मोठे कारण होते. अटाकामा वाळवंटाच्या कडेला असलेल्या त्याच लास कँपानासवर २००० साली ६.५ मीटर व्यासाची एक दुर्बीण सुरू झाली. तिला वॉल्टर बाडे यांचे नाव देण्यात आले आहे.

बाडे यांनी पाहिलेले आपल्याला दिसेल का?

देवयानी नुसत्या डोळ्यांनी दिसते, मात्र मुंबई-पुण्याच्या मध्यवस्तीतून नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, अमावास्येच्या आसपास, शहराच्या चकाकीपासून दूर गेल्यास ती शर्मिष्ठा तारकासमूहाजवळ कापसाच्या पुसट पुंजक्यासारखी दिसते. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. तोवर मोबाइलची स्क्रीन पाहू नये आणि प्रकाश हवाच असेल तर मंद लाल टॉर्च वापरावा. थेट पाहण्याऐवजी किंचित बाजूला नजर ठेवली की पुंजका अधिक स्पष्ट होतो. आपल्याला जो भाग दिसतो तो मुख्यतः दीर्घिकेचा तेजस्वी मध्यभागच असतो. बाडे यांनी सुटा करून दाखवला तो हाच.

असे आकाश आता जपावे लागते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार, जगातील एकतृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या घरून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. भारतात लडाखमधील हानले येथे २०२२ मध्ये काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र जाहीर झाले. त्यापाठोपाठ जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला. अशा ठिकाणी दिव्यांना झाकण लावणे, त्यांचा रोख जमिनीकडे ठेवणे आणि गरज नसेल तेव्हा ते बंद करणे एवढेच मुख्यतः करावे लागते. लॉस एंजेलिसवर ही वेळ पाणबुड्यांच्या भीतीने आली होती. पेंचमध्ये ती ठरवून आणली गेली आहे.